जावयाकडचा हिशेब

घरचा जावई आणि धंद्याचा हिशेबनीस ही एकच व्यक्ती असू नये, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. हिशेबनीस चुकला तर त्याला दोन शब्द सुनावता येतात, जावयाला नाही. हिशेबनीस घरी आला तर चहावर भागतं. जावई आला की आई घावने घालायला बसते, आणि समोर ताटात घावने वाढलेली असताना 'रिटर्नची तारीख उलटली की हो' असं कोण कोणाला म्हणणार? पंचवीसएक वर्षं आमचं असंच चाललं. चांगलं चाललं, हेही आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी थोडी थट्टा करणार आहे, आणि ज्यांची थट्टा करणार आहे त्यांच्यामुळेच माझा कारखाना आज उभा आहे.

कारखाना म्हणजे मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. तिथे आम्ही पुठ्ठ्याच्या पेट्या करतो. आंब्याच्या, काजूच्या, कोकम सरबताच्या बाटल्यांच्या. सुरुवातीला बागायतदारांना लाकडी खोक्यावरून पुठ्ठ्यावर आणताना माझे निम्मे केस पांढरे झाले. 'पुठ्ठ्यात आंबा घुसमटतो' म्हणायचे. मग पेटीला भोकं पाडून दाखवली, तर म्हणाले, 'भोकातून उंदीर जाईल.' मी तापट माणूस. एकदोघांना तर मी 'मग आंबे खिशातून न्या' असंही सुनावलं होतं. तरी धंदा वाढला, कारण पेटी चांगली होती, आणि कारण पेटीखेरीज बाकीचं सगळं भावोजी बघत होते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रत्नागिरीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कर सल्लागाराचं काम होतं. मला गणित कधी आलं नाही. पेटीची लांबी-रुंदी मी नुसत्या नजरेने सांगतो, पण बिलाची बेरीज दोनदा केली तर उत्तरं दोन येतात. वडिलांना हे ठाऊक होतं. कारखान्याचं कर्ज मंजूर झालं त्या दिवशी जेवताना ते भावोजींना म्हणाले, "पेट्या हा करील. आकडे तेवढे तुम्ही बघा." भावोजी म्हणाले, "बरं." एवढंच. भावोजींनी 'बरं' म्हटलं की ते काम झालं असं समजावं. फी घ्यायला मात्र ते कधी तयार झाले नाहीत. सासरकडून कसली फी? मी दर वर्षी पाकीट नेई, ते तसंच ताईच्या हातात देत, आणि ताई ते माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आमच्याच घरी परत आणी. ते पाकीट सगळ्या घरांतून फिरायचं, मुक्कामाला कुठेच राहायचं नाही.

फुकट काम करणाऱ्या माणसाला, त्यातून जावयाला, घाई कशी करणार? पण खरं सांगायचं तर घाई करायची वेळच फारशी आली नाही. विक्रीकराच्या जमान्यात भावोजी एकदम पक्के होते. कचेरीतून नोटीस आली की ते चष्मा पुसत, दोन ओळींचं उत्तर लिहीत, आणि विषय संपे. नंतर जीएसटी आला. दर महिन्याच्या तारखा आल्या. आंब्याच्या दिवसांत पहाटे गाड्या भरतात, आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधी माल नेण्याच्या परवान्याचा कागद, म्हणजे ई-वे बिल, ड्रायव्हरच्या हातात लागतं. त्यासाठी सत्तरीच्या घरातला हा माणूस पहाटे उठून संगणकापुढे बसू लागला. मी 'असू दे, मी कोणाकडून तरी करून घेतो' म्हटलं की ते म्हणत, "बरं, यंदा करतो, पुढच्या वर्षी बघू." ते 'पुढचं वर्ष' कधी आलंच नाही.

मग एका मोठ्या काजूवाल्या गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरात तीनाचं आठ झालं. एवढीशी गोष्ट, पण त्यामुळे आमची बिलं त्यांच्या खात्यात दिसेनात, आणि भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळेना. कित्येक महिने ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा त्यांच्या माणसाने मला फोनवर सरळ सांगितलं, "तुमची पेटी झकास आहे हो, पण ज्याचा हिशेब जुळतो त्याच्याकडूनच आम्ही माल घेणार." माझं डोकं सणकलं. तसाच स्कूटर काढून ताईकडे गेलो. आज जावई-बिवई काही नाही, बोलायचं म्हणजे बोलायचंच, असं ठरवून.

ताई दारातच भेटली. हळू आवाजात म्हणाली, "काही बोलू नकोस त्यांना. त्यांना कळलंय. दोन दिवस धड जेवलेले नाहीत. उठून उठून कागद उजेडात धरतात, हा तीन की आठ ते बघतात." आत भावोजी बसले होते. मला बघून उठले. माझ्याहून एवढे मोठे, घरचे जावई, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. दुरुस्ती भरतो आजच." माझा राग कुठल्या कुठे गेला. येताना ताईने भाजणीचा डबा हातात दिला.

दुरुस्ती झाली, गिऱ्हाईक तेवढ्यापुरतं शांत झालं. पण माझ्या मनाने घेतलं की आता हे काम भावोजींच्या अंगावरून उतरवलंच पाहिजे. दुसरी अशीच चूक झाली तर ते गिऱ्हाईक जाईल, आणि त्या धक्क्याने भावोजी अंथरूण धरतील. प्रश्न एवढाच होता की हे त्यांना सांगायचं कसं. 'आता तुम्ही नको' असं मी म्हटलं तर त्यांना काय वाटेल, आणि ताईला काय वाटेल? मला सख्खी म्हणावी अशी ती एकच बहीण. कारखाना बुडाला असता तर दुसरं काहीतरी केलं असतं, पण ताईचं दार बंद झालं असतं तर मी काय करणार होतो?

गुपचूप चौकशी केली. मारुती मंदिराजवळ एका सीए बाईंचं ऑफिस आहे, चाळिशीच्या आहेत, काम चोख, असं कळलं. गेलो. मला वाटलं होतं, फायली उचलून एका घरातून दुसऱ्या घरात नेल्या की झालं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधीच्या सल्लागारांचं 'आमची हरकत नाही' असं पत्र लागेल. आमच्यात तशी रीत आहे."

"पत्राशिवाय नाही होणार?"

"झालं तरी मी करणार नाही. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी काम हातात घेत नाही. आणि मार्चअखेरपर्यंतचं त्यांनाच पुरं करू द्या. एप्रिलपासूनचं मी बघेन. मधूनच काम उचललं की पुढे चूक कोणाची हे कधीच कळत नाही."

म्हणजे चोरून करायची वाट बंद. त्या वेळी बाईंचा रागच आला मला. एवढं गिऱ्हाईक दारात आलंय आणि ह्या अटी घालतायत! आज त्या अटींसाठी मी त्यांचे पाय धरायला तयार आहे. पण ते आज.

पत्र मागायला मी ताईकडे गेलो, आणि पोहे खाऊन आलो. पुन्हा गेलो, तेव्हा कुळथाचं पिठलं-भात खाऊन आलो. आमच्याकडे नकोसं बोलायचं असलं की आधी पावसाचं बोलतात, मग आंब्याच्या मोहराचं, मग कोणाच्या गुडघ्याचं, आणि तोवर निघायची वेळ होते. माझं वजन वाढलं, पत्र काही मिळालं नाही.

शेवटी आईला सांगितलं. आई नव्वदीला टेकलेली, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. ती म्हणाली, "जावयाला काढतात का रे कोणी?"

"काढत नाही गं, सोडवतोय."

"तुझं तुला तरी ठाऊक आहे का, काय करतोयस ते? जा, देवीला विचार."

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. विहीर कुठे खणावी, मुलीचं स्थळ पत्करावं का, मुंबईची खोली विकावी का, सगळं आम्ही ग्रामदेवीला विचारतो. त्याला कौल लावणं म्हणतात. गुरव देवीच्या पाषाणावर डावीउजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि मग वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नको. मी शिकलासवरलेला, कारखानदार वगैरे. पण मला त्या दिवशी कोणीतरी वडीलधाऱ्याने 'जा, सांग' एवढं म्हणायला हवं होतं. गेलो गावाला.

आता कौल लावण्यातली एक साधी गोष्ट मी विसरलो. प्रश्न देवीला सांगायचा तो मोठ्याने. आणि सकाळच्या वेळी देवळात माणसं असतात. सभामंडपात भजनी मंडळातले चारपाच जण सुपारी कातरत होते, मुंबईहून सुट्टीला आलेले एक काका पाय पसरून बसले होते, आणि वाती वळणाऱ्या बायका तर होत्याच. मी गुरवाच्या कानात सांगितलं, "हिशेबाचं काम दुसरीकडे द्यायचंय, द्यावं का, एवढंच विचारा." गुरवाने मान डोलावली, हात जोडले आणि साऱ्या देऊळभर आवाज लावला.

"आई, हे तुझं लेकरू तुझ्या पायाशी आलंय. ह्याचा हिशेब आजवर घरच्या जावयाच्या हाती हाय. तो जावयाकडून काढून परक्या बाईच्या हाती द्यावा काय, आसं इचारतोय!"

"अहो, हळू बोला की!" मी म्हटलं.

"हळू बोललो तर आयेला ऐकू कसं येल?" गुरव म्हणाला.

सुपारी कातरायची थांबली. काकांनी पाय आवरून घेतले. आणि डावी पाकळी पडली. अशी सहज पडली, की विचार करायलाही देवीने वेळ घेतला नाही.

परत येताना हातखंब्याच्या तिठ्यावर चहाला थांबलो. कप अजून तोंडाला लावायचा होता तोवर ताईचा फोन. देवळातल्या कुठल्या बाईने केव्हा कळवलं, कोण जाणे.

"देवीला विचारलंस म्हणे."

"अगं, ते काय झालं..."

"देवीला विचारलंस, मग मला विचारायला काय झालं होतं मेल्या? मी काय गावची कोण लागते?"

आणि फोन बंद. चहा तसाच ठेवून निघालो. ज्याला भीत होतो तेच झालं होतं, आणि वर देवीचा कौलही हातात नव्हता.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. भांड्यांचे आवाज येत होते, त्यावरून ती किती रागावलीय ते कळत होतं. भावोजींनी पाणी दिलं. थोड्या वेळाने विचारलं, "काय आला कौल?"

"डावा."

"म्हणजे मीच करायचं."

"हो. तुम्हीच."

"बरं," ते म्हणाले आणि संगणकाकडे वळले. मी त्यांच्याकडे बघत होतो. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल, मान राहिला म्हणून. पण ते पाठमोरे बसले तेव्हा त्यांचे खांदे खाली आले होते. एखाद्याची सुट्टी मिळणार मिळणार म्हणता शेवटी रद्द व्हावी, तसे ते बसले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यांनाही सुटायचंय. यांनाही ते कोणाला सांगता येत नाहीये. माझ्या वडिलांना दिलेलं 'बरं' त्यांना मोडवत नाहीये. आता तर देवीनेच 'नको' म्हटलं होतं, आणि भावोजी पडले देवभोळे. मी सोडवायला गेलो, आणि त्यांना आणखी घट्ट बांधून आलो.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. ताई फोन उचलेना. आई 'मी काय सांगितलं होतं' अशा नजरेने बघे, खरं तर तिनेच पाठवलं होतं. शेडमध्ये मी माणसांवर उगाचच ओरडू लागलो. आणि एके दिवशी सकाळी भावोजींचा फोन आला. "गाडी काढ. गावाला जायचंय."

वाटेत ते कौलाबद्दल काहीच बोलले नाहीत. रस्त्याच्या कामाबद्दल बोलले, कोणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलले. मी ओळखलं की मोठं काहीतरी येतंय. देवळात पोचल्यावर गुरव म्हणाला, "ह्याचा कौल झालाय की. तोच प्रश्न पुन्हा नाय इचारता यायचा."

"तो प्रश्न याचा होता," भावोजी म्हणाले. "माझा वेगळा आहे. आणि मी माझा मीच सांगतो, चालेल ना?"

गुरवाने मंडळींकडे बघितलं. गावच्या जावयाला देवळात तसा अधिकार नसतो, पण कोणी नाही म्हणेना. मंडळींना तर आता पुढचं ऐकायचंच होतं. गुरवाने पाकळ्या लावल्या. भावोजींनी हात जोडले. त्यांचा आवाज बारीक, पण देवळात एवढं शांत होतं की सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आई, माझ्या सासऱ्यांनी मला पोराचे आकडे बघ म्हणून सांगितलं. मी बघितले. जमलं तोवर बरे बघितले. आता डोळे साथ देत नाहीत. पहाटे उठलं की छातीत धडधडतं, माझ्या हातून पोराचं काही वाकडं तर होणार नाही ना म्हणून. घरी हे बोललो नाही. तुला सांगतो. पोराने चांगली माणसं शोधली आहेत. मला यातून मोकळं करशील का?"

या माणसाला मी पहाटेच्या गाड्यांसाठी किती वर्षं उठवत होतो. वाट बघितली. बराच वेळ काहीच पडेना. मग उजवी पाकळी सुटली. ती अर्ध्यात अडकली, आणि मग पडली.

भावोजींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू विचारलंस, याला काढू का? ती कशी हो म्हणेल? मी विचारलं, मी जाऊ का?" मग देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. 'आमची हरकत नाही' हे पत्र. मी मागितलं नव्हतं, पण त्यांच्या धंद्यातली रीत त्यांना ठाऊकच होती. सही करून आणलं होतं, फक्त तारीख घालायची राहिली होती. ती त्यांनी तिथे घातली.

त्यानंतरचं सगळं इतकं सुरळीत झालं की त्याची गोष्ट होत नाही. पण ज्यांनी ते केलं त्यांचे उपकार सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. भावोजी स्वतः नारळ घेऊन बाईंच्या ऑफिसात गेले. बाईंनी त्यांना स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं, 'सर' म्हणाल्या. नवीन माणूस जुन्याच्या फायली उघडतो तेव्हा पहिल्यांदा कपाळाला आठी घालतो, हे मी गवंड्यापासून दाताच्या डॉक्टरापर्यंत सगळीकडे बघितलंय. बाईंनी फाईल उघडली आणि म्हणाल्या, "किती नीट लावलंय हो सगळं." मग भावोजींनी आपणहूनच तीनाच्या आठाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "सर, माझ्याकडूनही होतं. म्हणून मी इथे एकाने भरलेलं दुसऱ्याकडून तपासून घेते. तुम्ही एकटे होता." तुम्ही एकटे होता! एवढ्या तीन शब्दांनी भावोजींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या रात्री ते पोटभर जेवले, असं मला नंतर कळलं.

पावसाळाभर ते येत-जात राहिले. मार्चपर्यंतचे हिशेब त्यांनी पुरे केले, एप्रिलपासूनचे बाईंनी हातात घेतले. कुठल्या बागेची नोंदणी अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, कोण गणपतीनंतरच पैसे देतो आणि त्याच्या मागे लागायचं नाही, हे कागदावर कुठेच नव्हतं. ते भावोजी सांगत आणि बाई लिहून घेत. आणि एक गंमत. सरकारी खात्यात नोंदवलेला मोबाइल नंबर भावोजींचा होता. त्यामुळे काही महिने बाईंनी संगणकावर काही उघडलं की ओटीपी भावोजींच्या फोनवर जायचा. ते फोन घेऊन रेंजसाठी गच्चीवर चढायचे आणि एकेक अंक ठणठणीत आवाजात वाचायचे, शेजारीपाजारी ऐकत. पुढे बाईंनी विचारलं, "सर, आता नंबर बदलू ना?" आणि भावोजी म्हणाले, "बरं." माझा नंबर लागला. आता बाई मला फोन करतात. मी अंक वाचतो, आणि मी वाचलेले त्या पुन्हा एकदा विचारून घेतात.

राहिली ताई. ती बोलायला लागली होती, पण कामापुरती. भावोजींनी देवळात काय सांगितलं तेही तिला गावातूनच कळलं होतं, त्यामुळे ती आता आम्हा दोघांवर रागावलेली होती. छातीत धडधडतं हे नवऱ्याने तिला न सांगता देवीला सांगितलं, म्हणून. माझी धाकधूक काही संपली नव्हती. काम सुटलं खरं, पण त्याबरोबर त्या घरी जायचं निमित्तही सुटलं होतं. आता मी तिकडे कोण म्हणून जाणार?

भाऊबीज आली. एरवी भाऊबीज म्हणजे आमचा हिशेबाचा ऐन हंगाम. मी पिशवीभर बिलं घेऊन जायचो, ताईने पाट मांडला तरी भावोजींचं आणि माझं कुठल्या तरी वाहतूकदाराच्या बिलावरून चाललेलं असायचं. ती निरांजन घेऊन उभी राहायची, आम्ही म्हणायचो, 'एक मिनिट हं.' या वेळी दारात पोचलो तर हातात फक्त मिठाईचा पुडा. हात मोकळे वाटत होते, काय करावं त्यांचं कळेना. भावोजी पुढच्या खोलीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसलो. बोलायला विषयच नव्हता.

ताईने पाट मांडला, रांगोळी काढली. सावकाश काढली, पाकळीन्‌पाकळी. मला बसवलं, कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली. मग निरांजन घेऊन ओवाळता ओवाळता मध्येच थांबली. मला वाटलं, आता ती ऐकवणार, आणि मी मान खाली घालून तयार झालो.

ती म्हणाली, "इतकी वर्षं भाऊबीजेला यांचा अशील यायचा रे. माझा भाऊ आज आला."

भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग ताईने पुन्हा पहिल्यापासून ओवाळायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत तिच्याकडेच बसून होतो.